मते एका पक्षाची, जागा दुसऱ्याच्या: विस्कॉन्सिनमधील मतदारसंघांच्या सीमा आणि विजयाचे दावे याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुकीच्या निकालानंतर 'जनतेने आम्हाला कौल दिला' असे प्रत्येक विजयी पक्ष म्हणतो. ज्या नकाशावर ती निवडणूक लढवली गेली तो कोणी आणि कशासाठी आखला, याचा उल्लेख मात्र त्या वाक्यात कधीच नसतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन हे राज्य या प्रश्नाच्या अभ्यासासाठी फार उपयोगी आहे, कारण तेथील मतदार दोन प्रमुख पक्षांमध्ये जवळपास निम्मे-निम्मे विभागलेले आहेत आणि तेथे एकदा पक्षहितासाठी आखलेला नकाशा, तर नंतर तो रद्द झाल्यावर आलेला नवा नकाशा, अशा दोन्ही नकाशांवर निवडणुका झाल्या आहेत.

मतदारसंघांच्या सीमा पुन्हा का आखाव्या लागतात आणि अमेरिकेत हे काम कोणाकडे असते?

लोक स्थलांतर करतात, शहरे वाढतात, खेडी ओस पडतात. जुन्याच सीमा ठेवल्या तर काही वर्षांत एका मतदारसंघात दुसऱ्याच्या कित्येक पट माणसे राहू लागतात आणि मतांचे मोल असमान होते. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील अनेक राज्यांत नेमके हेच झाले होते. 'बेकर विरुद्ध कार' (१९६२) आणि 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' (१९६४) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यानंतर मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी, हे तत्त्व रूढ झाले. तेव्हापासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेनंतर राज्ये आपापले नकाशे नव्याने तयार करतात.

बहुतेक राज्यांत हा नकाशा एखाद्या साध्या कायद्याप्रमाणेच मंजूर होतो, म्हणजे विधिमंडळाची दोन्ही सभागृहे तो संमत करतात आणि गव्हर्नर (राज्याचे मतदारांनी निवडलेले कार्यकारी प्रमुख) त्यावर सही करतात किंवा नकाराधिकार वापरतात. ज्यांची पुढची निवडणूक त्या सीमांवर अवलंबून आहे, तेच आमदार त्या सीमा ठरवतात. या एका व्यवस्थेतून पुढचे जवळजवळ सर्व प्रश्न उभे राहतात.

लोकसंख्या सारखी ठेवूनही निकाल बदलता येतो का?

येतो. एक छोटे उदाहरण घेऊ. एका काल्पनिक जिल्ह्यात १,००० मतदार आहेत. त्यांतील ५२० 'ब' पक्षाला आणि ४८० 'अ' पक्षाला मत देतात. प्रत्येकी २०० मतदारांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. नकाशा 'अ' पक्षाच्या हाती असेल, तर तो पहिल्या मतदारसंघात 'ब'चे १६० आणि स्वतःचे फक्त ४० मतदार ठेवील. उरलेल्या चारही मतदारसंघांत 'ब'चे ९० आणि 'अ'चे ११० मतदार येतील. एकाही मतदाराने आपले मत बदललेले नाही, एकही बोगस मत पडलेले नाही, प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या तंतोतंत सारखी आहे, आणि तरीही ४८ टक्के मतांचा 'अ' पक्ष पाचपैकी चार जागा जिंकतो.

येथे दोन युक्त्या एकत्र वापरल्या आहेत. विरोधकांचे मतदार एका ठिकाणी कोंबायचे, म्हणजे तेथे त्यांचा विजय प्रचंड पण निरुपयोगी मताधिक्याने होतो. उरलेले मतदार असे विखरायचे की सगळीकडे ते थोडक्यात हरतील.

निकोलस स्टेफानोपोलोस आणि एरिक मॅकगी या अभ्यासकांनी ही गोष्ट मोजण्यासाठी 'वाया गेलेल्या मतां'चे एक सूत्र मांडले. हरलेल्या उमेदवाराची सर्व मते आणि जिंकलेल्या उमेदवाराची निम्म्याहून अधिक असलेली मते वाया गेली असे धरायचे. वरील उदाहरणात 'ब'ची ४२० मते वाया जातात, तर 'अ'ची केवळ ८०. दोहोंतील ३४० मतांचा फरक एकूण मतांच्या ३४ टक्के होतो. या सूत्रावर अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतील काही योग्यही आहेत. पण नकाशा कोणत्या बाजूला किती कललेला आहे हे त्यामुळे निदान आकड्यात सांगता येऊ लागले.

पक्षहितासाठी अशा सीमा आखण्याला 'गेरीमँडर' म्हणतात; हा शब्द कोठून आला?

१८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने राज्याच्या सिनेटचे जे मतदारसंघ ठरले, त्यांतील एकाचा आकार 'सॅलमँडर' या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसत होता. बोस्टनमधील एका वृत्तपत्राने त्याचे व्यंगचित्र छापले आणि गव्हर्नरांचे नाव त्या प्राण्याच्या नावाला जोडले. त्या वर्षी गेरी स्वतः पराभूत झाले, पण त्यांच्या पक्षाने सिनेट राखले.

विस्कॉन्सिनमध्ये २०११ साली काय झाले?

या राज्याच्या विधिमंडळात ९९ सदस्यांची असेंब्ली (कनिष्ठ सभागृह) आणि ३३ सदस्यांचे सिनेट (वरिष्ठ सभागृह) आहे. असेंब्लीचे तीन मतदारसंघ मिळून सिनेटचा एक मतदारसंघ होतो. २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहे जिंकली आणि स्कॉट वॉकर गव्हर्नर झाले. जनगणनेनंतरचा नकाशा करण्याची वेळ आली तेव्हा संपूर्ण प्रक्रिया एकाच पक्षाच्या हाती होती.

पुढे न्यायालयांत जे समोर आले ते अस्वस्थ करणारे आहे. नकाशाचे काम विधानभवनात झाले नाही. ते एका खासगी कायदा-कंपनीच्या कार्यालयात, बंद दारांआड झाले. सत्ताधारी आमदारांना एकेकटे बोलावून प्रत्येकाला फक्त स्वतःचा मतदारसंघ दाखवण्यात आला आणि गुप्ततेच्या करारावर त्यांच्या सह्या घेण्यात आल्या. नकाशा करणाऱ्यांनी अनेक पर्यायी मसुदे तयार केले होते, प्रत्येक मसुद्यात पक्षाला किती जागा पडतील याची गणिते मांडली होती, आणि काही मसुद्यांना त्यांच्या आक्रमकतेनुसार नावेही दिली होती. सार्वजनिक प्रतिनिधित्वाचा पाया ज्या कागदावर घातला जातो, तो कागद जनतेपासून आणि स्वपक्षाच्या आमदारांपासूनही लपवावा लागत असेल, तर त्याचा हेतू वेगळा शोधावा लागत नाही. २०१२ मध्ये संघराज्य न्यायालयाने मिल्वॉकीतील लॅटिनो वस्तीचे दोन मतदारसंघ दुरुस्त करायला लावले. बाकीचा नकाशा तसाच राहिला.

त्या नकाशावर निकाल कसे लागले?

२०१२ मध्ये बराक ओबामा यांनी विस्कॉन्सिन जवळपास सात टक्के गुणांच्या फरकाने जिंकले. त्याच दिवशी असेंब्लीसाठी रिपब्लिकन पक्षाला राज्यभरात सुमारे ४८.६ टक्के मते मिळाली, आणि जागा मिळाल्या ९९ पैकी ६०. २०१४ मध्ये त्यांची मते ५२ टक्क्यांवर गेली आणि जागा ६३ झाल्या.

२०१८ चा निकाल अधिक बोलका आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे टोनी एव्हर्स यांनी वॉकर यांचा सुमारे २९ हजार मतांनी पराभव केला. असेंब्लीत मात्र रिपब्लिकन पक्षाच्या पुन्हा ६३ जागा आल्या. डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या मतांची बेरीज सुमारे ५३ टक्के होती, आणि हाच आकडा त्या वेळी सगळीकडे फिरला. माझ्या मते तो जपून वापरायला हवा. ज्या मतदारसंघांत डेमोक्रॅटिक उमेदवारासमोर रिपब्लिकन उमेदवारच नव्हता अशा जागा बऱ्याच होत्या, आणि त्यामुळे ती बेरीज फुगली होती.

यापेक्षा भक्कम पुरावा गव्हर्नरपदाच्या मतांत आहे, कारण ती लढत प्रत्येक मतदारसंघात त्याच दोन उमेदवारांमध्ये झाली. वॉकर राज्यात हरले, पण असेंब्लीच्या ९९ मतदारसंघांपैकी ६३ मतदारसंघांत त्यांनाच आघाडी होती. म्हणजे उमेदवार, प्रचार आणि स्थानिक भांडणे सारी बाजूला ठेवली, तरी त्या रेषा निम्म्याहून किंचित कमी मतांचे रूपांतर जवळपास दोन तृतीयांश जागांत करीत होत्या.

जागा आणि मते यांच्यातील प्रत्येक तफावत सीमांच्या आखणीमुळेच येते का?

नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिक चर्चा होऊ शकत नाही. एका मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो, अशा पद्धतीत तफावत अंगभूतच असते. महाराष्ट्रातील २०२४ ची लोकसभा निवडणूक आठवावी. महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, तरी ४८ पैकी ३० जागा आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या. त्या निवडणुकीसाठी कोणी सीमा बदलल्या नव्हत्या. मते कोठे आणि किती पसरली होती, यावरून तो निकाल ठरला.

विस्कॉन्सिनमध्येही भूगोलाचा वाटा आहे. डेमोक्रॅटिक मतदार मिल्वॉकी आणि मॅडिसन या दोन शहरांत दाटीने राहतात, म्हणजे ते काही प्रमाणात स्वतःहूनच एका ठिकाणी कोंबलेले आहेत. अगदी निःपक्ष हाताने आखलेल्या नकाशावरही रिपब्लिकन पक्षाला थोडा लाभ मिळेल, असे अनेक अभ्यासक मानतात. पण भूगोलाने मिळणारा थोडा लाभ आणि संगणकावर मसुद्यामागून मसुदा तपासून मिळवलेला मोठा लाभ यांत फार अंतर आहे. मूळ तक्रार या दुसऱ्या लाभाविषयीची आहे.

अशा निकालानंतर विजयाचे दावे कसे केले जातात?

अमेरिकेत एकाच दिवशी एकाच मतदाराकडून अनेक पदांसाठी मत घेतले जाते, त्यामुळे दोन्ही पक्षांना आपापला विजय दाखवणे शक्य होते. २०१८ मध्ये एव्हर्स यांच्यामागे राज्यातील एकूण मतांचे बहुमत होते. असेंब्लीचे सभापती रॉबिन व्हॉस यांच्यामागे ६३ जागा होत्या. त्या वेळी व्हॉस यांनी अशा अर्थाचे विधान केले की, मॅडिसन आणि मिल्वॉकी बाजूला ठेवले तर आमच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले असते. राज्यातील दोन सर्वांत मोठ्या शहरांतील नागरिकांना हिशेबातून वगळण्याची कल्पना इतक्या सहजपणे मांडली जावी, याचे मला आजही वाईट वाटते. मिल्वॉकीतील कृष्णवर्णीय वस्त्यांतील मतदारही विस्कॉन्सिनचेच मतदार आहेत.

हा दावा केवळ शब्दांपुरता राहिला नाही. एव्हर्स यांनी पदभार घेण्यापूर्वी, डिसेंबर २०१८ मध्ये, मावळत्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन नव्या गव्हर्नरांचे आणि महान्यायवादींचे अनेक अधिकार कमी केले आणि पराभूत वॉकर यांनी त्या कायद्यांवर सही केली. जागांच्या बळावर मिळवलेला अधिकार मतांच्या बळावर निवडून आलेल्या व्यक्तीविरुद्ध वापरला गेला.

देशपातळीवर २०१२ मध्ये असाच पेच झाला होता. प्रतिनिधिगृहाच्या (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण सुमारे १४ लाख मते अधिक पडली, पण सभागृहात रिपब्लिकन २३४ आणि डेमोक्रॅट २०१ असे बलाबल झाले. अध्यक्षांकडेही कौल आणि त्यांना अडवणाऱ्या सभागृहाकडेही कौल, अशी भाषा त्यानंतर दोन वर्षे ऐकू येत होती.

निकालाच्या रात्री मतदाराने कोणते आकडे पाहावेत?

फक्त जागा पाहू नयेत आणि फक्त मतांची बेरीजही पाहू नये. राज्यव्यापी पदाच्या लढतीत कोणत्या पक्षाने किती मतदारसंघांत आघाडी घेतली, किती जागा बिनविरोध होत्या, आणि किती जागा पाच टक्क्यांच्या आतील फरकाने ठरल्या, हे तीन आकडे पुष्कळ काही सांगतात. तिसरा आकडा वर्षानुवर्षे अगदी लहान राहत असेल, तर बहुतेक जागांचा निकाल मतदानाआधीच, नकाशा करतानाच लागलेला असतो.

न्यायालयांनी काय भूमिका घेतली?

२०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघराज्य खंडपीठाने विस्कॉन्सिनचा नकाशा दोन विरुद्ध एक मताने घटनाबाह्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने 'गिल विरुद्ध व्हिटफोर्ड' या खटल्यात जून २०१८ मध्ये तो निर्णय बाजूला ठेवला. नकाशा योग्य की अयोग्य हे न ठरवता, संपूर्ण राज्याच्या नकाशाविरुद्ध दाद मागण्याचा अर्जदारांचा अधिकार सिद्ध झालेला नाही, असे त्याने म्हटले. एका वर्षाने, 'रुचो विरुद्ध कॉमन कॉज' या खटल्यात, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताचा निकाल लिहिला. पक्षहितासाठी केलेली आखणी लोकशाही तत्त्वांशी विसंगत असली, तरी तिचा न्यायनिवाडा करण्यासाठी संघराज्य न्यायालयांकडे मापदंड नाही, असे त्यांनी ठरवले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी अल्पमताचा निकाल लिहिला.

त्यानंतर लढाई राज्यांच्या न्यायालयांत गेली. २०२० च्या जनगणनेनंतर एव्हर्स यांनी विधिमंडळाच्या नकाशावर नकाराधिकार वापरला, वाद न्यायालयात पोहोचला, आणि शेवटी एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचाच नकाशा लागू केला. त्या वर्षी एव्हर्स ३.४ टक्के गुणांनी पुन्हा निवडून आले आणि रिपब्लिकन पक्षाला असेंब्लीत ६४, सिनेटमध्ये २२ जागा मिळाल्या. सिनेटमध्ये दोन तृतीयांश बहुमत झाले. असेंब्लीत ते फक्त दोन जागांनी हुकले, नाहीतर जनतेने निवडलेल्या गव्हर्नरांचा नकाराधिकारच निष्प्रभ झाला असता.

एप्रिल २०२३ मध्ये जॅनेट प्रोटासिविच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर सुमारे ११ टक्के गुणांच्या फरकाने निवडून आल्या आणि न्यायालयातील बहुमत बदलले. प्रचारात त्यांनी नकाशांवर उघड टीका केली होती, आणि त्यामुळे त्यांनी हा खटला ऐकावा का, यावर मोठा वाद झाला. तो वाद निराधार नव्हता. २२ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी नकाशा रद्द केला, पण त्याचे कारण पक्षहित हे नव्हते. मतदारसंघाचा भूभाग सलग असावा अशी राज्यघटनेची अट आहे, आणि असेंब्लीच्या ९९ पैकी ५० मतदारसंघांत तुटक, वेगळे पडलेले तुकडे होते.

नव्या नकाशाने काय बदलले?

न्यायालयाने आपला नकाशा लादण्यापूर्वी विधिमंडळाने एव्हर्स यांनी सुचवलेला नकाशा मंजूर केला आणि १९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यावर त्यांची सही झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन एक टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. असेंब्लीत रिपब्लिकन ५४ आणि डेमोक्रॅट ४५ असा निकाल लागला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. २०१८ मध्ये राज्यव्यापी लढत डेमोक्रॅट थोडक्यात जिंकले तेव्हा त्यांच्या जागा ३६ होत्या. २०२४ मध्ये ते राज्यव्यापी लढत थोडक्यात हरले, आणि जागा ४५ झाल्या. नव्या नकाशाने सत्ता बदलली नाही, तशी त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती, कारण त्या वर्षी मतेच थोडी दुसऱ्या बाजूला झुकली होती. पण ५४ जागांचे बहुमत पुढच्या निवडणुकीत जाऊ शकते, याची जाणीव सत्ताधाऱ्यांना आता ठेवावी लागते. ६३ जागा असताना तशी गरज नव्हती.

हे फक्त रिपब्लिकन पक्षच करतो का?

नाही. मेरीलँडमध्ये २०११ साली डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधिगृहाचा नकाशा असा बदलला की आठपैकी सात जागा त्यांच्याकडे आल्या. इलिनॉयमधील त्यांच्या नकाशावर २०२२ मध्ये १७ पैकी १४ जागा त्यांना मिळाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने, जनगणनेची वाट न पाहता, रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात अशा हेतूने नवा नकाशा केला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी जनमताने स्वतःच्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवला. कॅलिफोर्नियातील नेत्यांची अगतिकता समजू शकते, तरी वर्षानुवर्षे कष्टाने उभी केलेली व्यवस्था अशी बाजूला सरकताना पाहणे क्लेशदायक आहे.

स्वतंत्र आयोग नेमल्याने प्रश्न सुटतो का?

पूर्ण सुटत नाही, पण फरक पडतो. मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्ये १३ नागरिकांच्या आयोगाला मान्यता दिली. त्या आयोगाच्या नकाशावर २०२२ मध्ये डेमोक्रॅट्सनी सुमारे चार दशकांनी दोन्ही सभागृहे जिंकली, तीही ५६–५४ आणि २०–१८ अशा अल्प बहुमताने. दोनच वर्षांनी कनिष्ठ सभागृह पुन्हा रिपब्लिकन पक्षाकडे गेले.

महाराष्ट्रात असे होऊ शकते का?

विधानसभा आणि लोकसभेच्या सीमा आपल्याकडे आमदार ठरवीत नाहीत. त्या परिसीमन आयोग ठरवतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून केलेली रचना २००८ मध्ये लागू झाली आणि महाराष्ट्रातील २८८ मतदारसंघांत २००९ पासून तिच्यावरच मतदान होत आले आहे. खासदार आणि आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. अमेरिकेच्या तुलनेत हे मोठे संरक्षण आहे.

महापालिकांचे चित्र मात्र वेगळे आहे. नगरसेवकांची संख्या आणि एका प्रभागात किती सदस्य असावेत हे राज्य सरकार कायद्याने बदलू शकते. मुंबईच्या २२७ जागा महाविकास आघाडीच्या सरकारने २३६ केल्या आणि २०२२ मध्ये सत्तांतर होताच त्या पुन्हा २२७ झाल्या. प्रभाग रचनेवर हरकती मागवल्या जातात तेव्हा फारच थोडे नागरिक नकाशा उघडून पाहतात, याची खंत वाटते.

विस्कॉन्सिनमध्ये आता काय उरले आहे?

सिनेटच्या निम्म्या जागांसाठीच दर दोन वर्षांनी मतदान होते. २०२४ मध्ये १६ जागांवर नवा नकाशा लागू झाला आणि सभागृहाचे बलाबल १८–१५ झाले. उरलेल्या १७ विषम क्रमांकाच्या जागांवर त्याची पहिली परीक्षा नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीची आहे. एव्हर्स यांनी तिसऱ्यांदा उभे न राहण्याचे जाहीर केले असल्याने त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी नवी नावे असतील. प्रतिनिधिगृहातील राज्याच्या आठ जागांचा, सहा विरुद्ध दोन असा निकाल देणारा नकाशा २०२४ च्या या बदलात आलेलाच नाही.